रोजची प्रार्थना तुम्ही कशी टिकवता? (अनुभव धागा)

माहीमकरीण: काल बुधवार. कॉजवेच्या तोंडाशी बस अडकली आणि खिडकीतून नोव्हेनाला, म्हणजे मातेच्या खास प्रार्थनेला, निघालेली गर्दी दिसली. कुणाकडे फुलं, एकीच्या हातात नवसाचं मेणाचं छोटंसं घर. एकदम आई आठवली. 1948 पासून इथे माहीमच्या चर्चमध्ये दर बुधवारी निरंतर साहाय्य मातेची नोव्हेना चालते, आई लग्न होऊन आल्यापासून जायची. पण मला जास्त आठवते तिची घरातली रोझरी, मण्यांवर मोजून म्हणायची मारियेची प्रार्थना. कुकर लावला की ओट्याशी उभी, एक हात पदराआड मण्यांवर. आम्ही भांडत असायचो, तरी तिचं नमो मारिया चालूच. आता मीही कुकरचीच वेळ धरली आहे. वेळ ठरली की आधी ओठ सुरू होतात, मन मागून येतं. तुमचं कसं जमतं? कॅथलिक, प्रोटेस्टंट, सगळ्यांनी लिहा.

भायखळ्याची: आम्ही प्रोटेस्टंट, आमच्यात मणी नाहीत. पपा पाळक होते, चहाच्या आधी बायबलमधलं एक स्तोत्र, तेही मोठ्याने. 150 स्तोत्रं, रोज एक, पाच महिन्यांत परत पहिलं. स्वतःचे शब्द सुचत नाहीत त्या दिवशी स्तोत्रांतले दावीद राजाचे घ्यायचे. राग आला असेल तर रागाचंही स्तोत्र आहे.

रात्रपाळी: नर्स आहे, आयसीयूत. एका बेडवरून दुसऱ्याकडे जाताना सॅनिटायझर चोळतो ना, हात सुकेपर्यंत त्या पेशंटचं नाव घेऊन एक वाक्य. ड्यूटीवर तेवढीच होते. पण एकही बेड सुटत नाही.

माहीमकरीण: हात सुकेपर्यंत! किती छान गं.

भाईंदर लोकल: बसायला मिळालं तर बायबल, नाहीतर बोटांवर. दहा बोटं म्हणजे दहा नमो मारिया, रोझरीचं एक दशक, अंधेरीपर्यंत रोझरी आरामात होते. शेजारच्या मावशी ओळखीच्या झाल्यात, म्हणतात माझ्या मुलीसाठी पण मागा.

वसईची: बोटांवरून आजी आठवली. पोप जॉन पॉल यांनी 2002 मध्ये रोझरीत प्रकाशाची पाच नवी रहस्यं (मनन करायचे येशूच्या जीवनातले प्रसंग) दिली, गुरुवारसाठी. आजी म्हणे माझी जुनी पंधरा पाठ आहेत, मी तीच म्हणणार. दर गुरुवारी घरात दोन पार्ट्या 😀

नाव नको: आमचा मुलगा गेला. त्यानंतर 'आमच्या पित्या' म्हणताना 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' एवढं तोंडून निघेना. मी तिथे थांबायचे, नवरा तेवढं म्हणायचा, मग पुढे दोघं. अजून तो भाग तोच म्हणतो. सल्ला नको कुणाचा. सांगावंसं वाटलं.

रात्रपाळी: ताई 🙏

भायखळ्याची: सल्ला नाही ताई. माझं एक वर्ष 88व्या स्तोत्रावर गेलं. ते अंधारावरच संपतं, शेवटी दिलासा नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही. मला त्याचाच आधार झाला. आणि तुमचे मिस्टर तेवढी ओळ तुमच्यासाठी म्हणतात, तीही तुमचीच प्रार्थना आहे.

नाव नको: हो. थँक्यू.

गिरगावकर: मी ख्रिस्ती नाही, पण वाचतोय सगळं. लहानपण खोताच्या वाडीजवळ गेलं. मे महिन्यात संध्याकाळी क्रॉसपाशी लिटनी, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना, असायची, आम्ही पोरं नंतरच्या उकडलेल्या चण्यांसाठी शेवटपर्यंत उभी. घरी आजीचा हरिपाठ तेव्हाच सुरू व्हायचा. दोन्ही आवाज एकत्र कानात आहेत.

उत्तन: चणे!!! आमच्याकडे खोबरं घालून. आता कोण करतं?

मरोळ: आम्ही करतो की. मेमध्ये या, वाडीत कुणालाही क्रॉस विचारा.

उत्तन: नक्की. आईला पण आणते.

नवी सून: मध्येच विचारते, सॉरी. माहीमला मराठी नोव्हेना किती वाजता असते? सासूबाईंना न्यायचंय, गुडघे दुखतात त्यांचे.

माहीमकरीण: वेळा चर्चच्या बोर्डावर बघून घे. दुपारीच ने, ऑफिसं सुटली की पाय ठेवायला जागा नसते. आणि वांद्र्याहून येणार असाल तर टॅक्सी करा, रिक्षा माहीममध्ये येत नाही, त्यांना अख्खा कॉजवे चालावा लागेल.