फिलिपिक म्हणजे नुसती शिवीगाळ नव्हे

'फिलिपिक' या इंग्रजी शब्दाचा अर्थ नुसता 'शिवीगाळ' असा दिला जातो, तो मला अपुरा वाटतो. शब्द आलाय मॅसिडोनियाचा राजा दुसरा फिलिप, म्हणजे अलेक्झांडरचा बाप, याच्या नावावरून. त्याच्या वाढत्या सत्तेपासून अथेन्स या ग्रीक नगरराज्याने सावध व्हावं म्हणून तिथला वक्ता डेमोस्थेनिस याने इ.स.पू. ३५१ पासून भाषणं केली, तीच 'फिलिपिक'. फिलिपवर तो तुटून पडतोच, पण सुस्त बसलेल्या अथेन्सकरांनाही झोडपतो, आणि मला तेच जास्त मोलाचं वाटतं.

पुढे रोमन वक्ता सिसेरोने रोमचाच सत्ताधारी नेता मार्क अँटनी याच्याविरुद्ध इ.स.पू. ४४-४३ मध्ये रचलेल्या १४ भाषणांना हेच नाव पडलं. त्यातलं दुसरं तर सभेत झालंच नाही, फक्त लिहिलं गेलं. पण जहाल! अँटनीची दारू, उधळपट्टी, काही म्हणता काही सोडलेलं नाही. त्यापायी सिसेरोचा जीव गेला. त्याचं डोकं आणि हात रोममधल्या व्यासपीठावर लावले गेले.

म्हणून आमच्या नागपुरात हिवाळी अधिवेशनाच्या वेळी जी चिखलफेक चालते, तिला हा शब्द सरसकट लावू नये असं माझं मत. एकाच माणसावर रोख धरून, पूर्ण तयारीनिशी केलेलं घणाघाती भाषण असेल, तर खुशाल लावा.