साय-फाय बघताना डोकं बाजूला ठेवता का?

चष्मिष्ट: काल परत एक स्पेसवाला पिक्चर लावला, दहा मिनिटात यान फुटलं आणि धडाम्म करून आवाज, अरे हवाच नाही तिथे तर आवाज येणार कुठून, घरचे म्हणतात तू गप बघ ना. तुम्हाला खटकतं का असलं? विज्ञान जरा तरी नीट असलेलं काही सुचवा, सिरीज पण चालेल.

जुनाटबुवा: १९६८ चा '२००१: अ स्पेस ओडिसी' बघ. यानाबाहेर नुसता हेल्मेटमधला श्वास ऐकू येतो, अंगावर काटा येतो राव. पेशन्स हवा पण, पहिली वीसेक मिनिटं कोणी बोलतच नाही.

रात्रपाळी: मला चालतं थोडंफार. 'द मार्शियन' मधे वादळाने यान कलंडायला लागतं, मंगळावरची हवा आपल्या १ टक्क्याच्या आसपास, एवढा जोर येणार कुठून? पण बटाटे उगवायला लागले की माफ केलं सगळं 😄

ढगातला: 'द एक्सपान्स', ६ सीझन, डोळे झाकून लाव. फिरणाऱ्या लघुग्रहावर एकजण ग्लासात दारू ओततो तर धार सरळ न पडता वाकडी जाते, कोणी समजावत बसत नाही, दिसतं फक्त. यानं पण अर्ध्या वाटेत उलटी फिरून इंजिनानेच ब्रेक मारतात. पहिले तीन-चार भाग कोण कुठल्या पार्टीचा तेच कळत नाही, टिकून रहा.

चष्मिष्ट: वाकडी धार?? आज रात्रीच लावतो.