लहान मुलांच्या दवाखान्यासाठी यूट्यूब की इन्स्टाग्राम? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी बालरोगतज्ज्ञ आहे. बार्शीत माझा दोन खोल्यांचा दवाखाना आहे. मी, एक सिस्टर आणि नंबर लावणाऱ्या मावशी, एवढीच माणसं. वैराग, परांडा, भूमकडूनही आया एसटीने लेकरं घेऊन येतात. दवाखान्याचं फेसबुक पेज आहे, पण त्यावर सणांच्या शुभेच्छांपलीकडे काही नाही. आता व्हिडिओचं काहीतरी नीट सुरू करायचं आहे. वेळ मिळतो तो रविवारी दुपारी, म्हणून एकच जागा निवडून तिथे मन लावून काम करायचं ठरवलंय. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

हे डोक्यात कुठून आलं ते सांगते. गेल्या उन्हाळ्यात जुलाबाने मलूल झालेलं दहा महिन्यांचं बाळ आलं. आई म्हणाली, "मॅडम, सकाळपासून ओआरएस पाजतेय की." कसं कालवलं विचारलं, तर लिटरची अख्खी पुडी एका पेल्यात. एवढं खारट पाणी पोटात गेलं तर रक्तातलं सोडियम वाढून बाळाला झटके येऊ शकतात. पुडीवर माप छापलेलं असतं, पण बारीक अक्षरात. मी पाण्याची लिटरची बाटली घेतली, तिच्यासमोर पुडी ओतली, हलवली आणि वाटी-चमच्याने थोडं थोडं पाजून दाखवलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. बाळ सावरलं. पण त्या दिवशी लक्षात आलं की मी इतकी वर्षं हे नुसतं तोंडी सांगत आले, दाखवलं कधीच नाही.

तेव्हापासून एका वहीत यादी करतेय. तापाच्या औषधाचंच बघा. पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स मिळतात ते 1 मिलीत 100 मिग्रॅचे; सिरप 5 मिलीत 125 किंवा 250 मिग्रॅचं. म्हणजे ड्रॉप्स सिरपच्या चौपट नाहीतर दुप्पट कडक! घरोघरी समज नेमका उलटा: ड्रॉप्स म्हणजे तान्ह्या बाळाचं हलकं औषध. मोठ्या भावाच्या सिरपचं माप लावून कुणी 5 मिली ड्रॉप्स पाजले तर 500 मिग्रॅ पोटात जातं. दोन बाटल्या शेजारी ठेवून दाखवल्या की हे पटकन कळतं. स्पेसरचा (दम्याच्या पंपाला जोडायच्या नळीचा) मास्क तोंडावर कसा घट्ट बसवायचा, तेही असंच, बघितल्याशिवाय जमत नाही.

हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ शिवरंजनी संतोष ओआरएस नावाने विकल्या जाणाऱ्या साखरेच्या पेयांविरुद्ध किती वर्षं बोलत राहिल्या, आणि शेवटी ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) ते नाव लेबलवरून काढायला लावलं. त्यांचे व्हिडिओ बघून मलाही धीर आला.

एका मार्केटिंगवाल्यांशी बोलले. त्यांचं म्हणणं, फक्त इन्स्टाग्राम करा. त्यांना हवे होते बऱ्या झालेल्या मुलांचे आधीचे-नंतरचे फोटो, आयांनी कॅमेऱ्यासमोर मानलेले आभार आणि वर विकतचे फॉलोअर. मी स्पष्ट नाही म्हटलं. डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या आचारसंहितेत पेशंट ओढण्यासाठी जाहिरात करायला मनाईच आहे. ऑगस्ट 2023 मध्ये आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नव्या नियमावलीत रुग्णांचे फोटो टाकू नयेत, त्यांच्याकडून शिफारशी मागू नयेत, लाइक-फॉलोअर विकत घेऊ नयेत, असं सरळ लिहिलं होतं. ती त्याच महिन्यात स्थगित झाली, पण एवढा भाग मी पाळणारच. आणि लेकरू तर स्वतः हो किंवा नाही म्हणू शकत नाही. त्यामुळे माझ्या व्हिडिओत बाहुली, बाटल्या आणि माझे हात दिसतील, कुणाचं मूल नाही.

आता मूळ प्रश्न. माझ्याकडच्या तरुण आया इन्स्टावर असतात, हे खरं. पण रात्री दोनला ताप चढला की कुणी रील्स चाळत बसत नाही, शोधतं. आणि शोधायला माणूस यूट्यूबवर जातो. तिथे टाकलेला व्हिडिओ दोन वर्षांनीही सापडतो, आणि आमच्याकडे बाळ सांभाळणाऱ्या आजीच्या फोनमध्ये इन्स्टा नसलं तरी यूट्यूब असतंच. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस 24 तासांत जातं, पण लिंक पाठवायला व्हॉट्सअ‍ॅपसारखं दुसरं काही नाही. पिंटरेस्ट आमच्याकडे कुणी वापरताना पाहिलं नाही, ते सोडून दिलं. तर माझा कल यूट्यूबकडे आहे, आणि केसपेपरवर क्यूआर कोड छापायचा विचार आहे. यात काही चुकतंय का?

अनुभवी लोकांना आणखी विचारायचंय: सुरुवात उभ्या शॉर्ट्सने करावी की आडव्या व्हिडिओने? शॉर्ट्स आता तीन मिनिटांपर्यंत चालतात, माझा एकेक विषय त्यात बसतो. यूट्यूबच्या 'मुलांसाठी बनवलेला' या पर्यायाला मी 'नाही' म्हणणार आहे, कारण विषय मुलांचा असला तरी बघणारी आई आहे, आणि 'हो' म्हटलं तर कमेंट बंद होतात. बरोबर ना? पण कमेंट चालू ठेवल्या की "माझं बाळ आठ किलोचं आहे, किती औषध देऊ" हे येणारच, आणि न तपासता मी ते सांगू शकत नाही. तुम्ही अशा वेळी काय करता?

भर: प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. तोच शॉर्ट इन्स्टावरही टाकून द्यावा, असं दोघांनी सुचवलंय. एवढं जमेल. कमेंट चालू ठेवून वर एकच उत्तर पिन करायचं, हेही पटलं: डोस वजनावर ठरतो, बाळाला जवळच्या डॉक्टरांना दाखवा.

काल ओआरएसचा पहिला व्हिडिओ करून पाहिला. आवाज चांगला आला. औषधाच्या सिरिंजचा करायला गेले तर ट्यूबलाइटची चकाकी नेमकी आकड्यांवर येते आणि 2 मिलीची रेघच दिसत नाही. खिडकीशी बसून केलं तर हाताची सावली पडते. रेघ स्पष्ट दिसेल असा उजेड कसा घ्यायचा, कुणी सांगेल का?