छोट्या पोकलेनचा डावा रबर ट्रॅक सारखा उतरतोय, नवीन जोड घेऊ का?

नमस्कार मंडळी,

तीन टनांचं मिनी एक्सकेव्हेटर आहे, सेकंडहँड घेतलेलं. गेल्या महिन्यात डावा ट्रॅक तीनदा उतरला, तिन्ही वेळा उतारावर वळताना. दर वेळी चढवतो, ग्रीस गनने ताण देतो, दोन दिवस बरं चालतं आणि पुन्हा ढिला. रबराचे ठोकळे निम्म्याहून जास्त झिजलेत, बाहेरच्या कडेला दोन चिरा आहेत. आतली तार मात्र कुठे उघडी पडलेली नाही. उजवा ट्रॅक त्याच वयाचा, त्याची काही तक्रार नाही.

आतल्या बाजूला ३००×५२.५×८० असं उमटवलंय. मधे एखादं अक्षरही असावं, पण ते घासून गेलंय. एवढ्या आकड्यांवर नवीन जोड मागवला तर बसेल का? आणि काम कधी दगडात, कधी डांबरावर असतं, तर लोखंडी चेनच लावून मोकळा होऊ का?

प्रतिसाद १

डांबरावर जायचं असेल तर लोखंडी चेन विसरा. रस्ता खरवडून निघेल आणि तुमच्या मणक्याचेही हाल होतील. सगळं काम दगडातच असतं तर गोष्ट वेगळी होती.

प्रतिसाद २

थांबा, मागवू नका अजून. दोन्ही ट्रॅक एकाच वयाचे आणि उतरतो फक्त डावा, म्हणजे दोष ट्रॅकमध्ये असेलच असं नाही. लोखंडी चेनच्या पिना-बुश झिजले की ती लांबते. रबर ट्रॅकच्या पोटात मात्र पोलादी तारा असतात, त्या शाबूत असतील तर तो असा दोन दिवसांत लांबत नाही. दोन दिवसांत ढिला होतोय म्हणजे ट्रॅक ताणून धरणाऱ्या सिलिंडरातलं ग्रीस कुठून तरी पळतंय.

असं करा. डावी बाजू बूम (खोदायचा हात) आणि ब्लेडच्या (माती ढकलायच्या पात्याच्या) जोरावर उचला, खाली भक्कम ओंडके लावा, नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर हात आत घालू नका. ट्रॅक थोडा फिरवून चिखल झाडून टाका. मग मधल्या रोलरच्या (ट्रॅकच्या आतून धावणाऱ्या खालच्या छोट्या चाकाच्या) खालच्या कडेपासून ट्रॅकच्या आतल्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर मोजा. काही लहान मशीनना १० ते १५ मिलिमीटर लागतं, काहींना याहून बरंच जास्त, म्हणून आकडा तुमच्या मशीनच्या पुस्तकातला धरा. ताण बरोबर करून टेन्शनरच्या, म्हणजे त्या ग्रीसच्या सिलिंडरच्या, दांड्यावर खडूने खूण करा, ग्रीसचा व्हॉल्व्ह पुसून कोरडा करा आणि रात्रभर तसंच सोडा. सकाळी खूण आत सरकलेली दिसली की समजायचं. व्हॉल्व्ह ओला असेल तर स्वस्तात सुटलात. तो कोरडा आणि सिलिंडरच्या तोंडाशी ग्रीस असेल तर सील गेलं. ते काम ज्याच्याकडे प्रेस आहे त्यालाच द्या, मागे स्प्रिंग दाबून बसवलेली असते, ती सुटली तर जीव घेईल.

एक गोष्ट ओरडून सांगतो: ताण कमी करताना व्हॉल्व्ह हळूहळू, एका फेऱ्याच्या आतच सैल करायचा आणि तोंड त्याच्या समोर आणायचं नाही. आतलं ग्रीस इतक्या दाबाखाली असतं की कातडीत घुसतं. तसं झालंच तर जखम सुईच्या टोकाएवढी दिसते म्हणून घरी बसू नका, थेट डॉक्टरांकडे जा.

मूळ लेखक

दादा, पहिल्यांदा मी व्हॉल्व्ह अर्धवट सोडून समोर वाकूनच बघत होतो. असो. आज रात्री खूण करून ठेवतो.

प्रतिसाद ३

आयडलर, म्हणजे ट्रॅकच्या टोकाचं बिनदात्यांचं चाक, तेही हाताने हलवून बघा. आडवा खेळ जास्त असेल तर ट्रॅक सरळ धावतच नाही. आणि स्प्रॉकेटचे, म्हणजे ट्रॅक फिरवणाऱ्या दातेरी चाकाचे, दात बघा. कोयत्यासारखे एका बाजूला वाकले असतील तर त्यावर नवा ट्रॅक चढवणं म्हणजे पैसे मातीत घालणं, तो दात नव्या ट्रॅकच्या लिंकाही (आतले लोखंडी तुकडे) खाऊन टाकतो.

मापाचं म्हणाल तर ३०० ही रुंदी, ५२.५ हे एका लोखंडी तुकड्याच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंतचं अंतर, ८० म्हणजे लिंका, सगळं मिलिमीटरमध्ये, लिंका सोडून. पण ३००×५२.५ मध्ये आतली घडण वेगवेगळी मिळते, एन, डब्ल्यू, के अशी अक्षरं त्यासाठीच. रोलर ज्या गाळ्यातून धावतात त्याची रुंदी मोजल्याशिवाय मागवू नका. अक्षर चुकलं की ट्रॅक बसल्यासारखा दिसतो आणि पहिल्याच वळणावर उतरतो. तुमच्या मशीनवर मागच्या मालकाने चुकीचाच चढवलेला नाही ना, हेही त्यातच कळेल.

मूळ लेखक

सकाळी खूण बोटभर आत आणि व्हॉल्व्हखाली ग्रीसचा थेंब. व्हॉल्व्ह बदलला. आयडलर ठीक, स्प्रॉकेटचे दातही अजून सरळ. गाळा दोन्ही बाजूंना सारखाच भरला. चार दिवस झाले, ताण जागचा हललेला नाही. पण त्या कडेच्या चिरा?

प्रतिसाद २

तार उघडी नाही तोवर चालवा. चिरेतून पाणी तारेपर्यंत गेलं की तार गंजते आणि मग ट्रॅक एक दिवस अचानक तुटतो, तेव्हा दर आठवड्याला धुऊन बघत जा. डिझेल-ऑइल सांडलं तर लगेच पुसा, रबर फुगतं. दगडात जागेवर गरकन फिरू नका, पुढे-मागे करत वळा. उतारावर आडवं चालवत वळणंही टाळा, तुमचा तीनदा तिथेच उतरला ना?

बदलायची वेळ येईल तेव्हा मात्र दोन्ही एकदमच बदला. एक नवा एक जुना असला की मशीन एका बाजूला ओढू शकतं.

मूळ लेखक

उतारावर नळाचा चर आडवा होता म्हणून तसाच वळत होतो. आता वर जाऊन सपाटीवर वळतो, वेळ लागतो पण उतरत नाही.