भरल्या घरात डिशवॉशर : गावाकडचे अनुभव लिहा

दारव्हा तालुका, यवतमाळ
आमचं घर अकरा माणसांचं. मामंजी-सासूबाई, दोघं भाऊ, आम्ही दोघी जावा, चार लेकरं, अन् सालदार दोन्ही वेळ आमच्याकडेच जेवतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, जाऊबाई अंगणवाडीत. भांड्यांना मावशी येतात, पण दसरा झाला की त्या कापूस वेचायला जातात. जायलाच पाहिजे, वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, ते भांड्यांच्या पैशाहून कितीतरी जास्त. मग संक्रांतीपर्यंत न्हाणीजवळच्या दगडावर सासूबाई उकिडव्या बसतात, आणि उठताना त्यांना हात द्यावा लागतो. रात्री साडेनऊला तो ढीग पाहिला की मला रडू येतं. मशीन घ्यावं का, यावर घरात दोन मतं आहेत. ज्यांनी गावात, बोअरच्या पाण्यावर, आपल्या भांड्यांसाठी वापरलंय त्यांनी लिहा. जाहिराती मी पाहिल्यात.

दर्यापूर, अमरावती
ताई, आधी पाणी बघा. आम्ही खारपाणपट्ट्यातले, म्हणून कळकळीनं सांगते. मशीनच्या तळाशी मिठाचा कप्पा असतो. ते मीठ भांड्यांसाठी नसतं. आत एक राळ असते, ती पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम ओढून घेते. ती भरली की मिठाच्या पाण्यानं धुऊन पुन्हा कामाला लागते. साधं जड पाणी असेल तर एवढ्यानं भागतं. आमचं बोअर मात्र जडही आहे आणि खारंही. खारेपणा ती राळ काढत नाही. पहिले सहा महिने ग्लासांवर पांढरी भुकटी बसायची, पाहुणे आले की मी पदरानं पुसून ग्लास पुढं करायची. मग नळाच्या पाण्याची वेगळी ५०० लिटरची टाकी बसवली, तेव्हा काम झालं. आमच्याकडे नळ रोज येत नाही, म्हणून ती टाकी फक्त मशीनला. आणखी एक, पाणी किती जड आहे त्याप्रमाणे मशीनवर आकडा लावावा लागतो. बसवायला आलेल्या मुलानं तो लावलाच नव्हता. खायचं आयोडीनचं मीठ त्या कप्प्यात टाकू नका, त्याचं जाड मीठ वेगळं मिळतं.

हिंगणघाट, वर्धा
२०२० च्या टाळेबंदीत घेतलं, अजून रोज रात्री चालतं. माणसं आठ.

दुकानात '१४ सेटचं' म्हणतात, ते त्यांच्या ताटल्या-कपांच्या हिशेबानं. आपली परात, दोन गंज (मोठी पातेली) आणि कुकर ठेवला की खालचा कप्पा संपला. म्हणून मी ताटं, वाट्या, ग्लास, चमचे, डबे, दुधाचं पातेलं एवढं मशीनला देते आणि मोठी चार भांडी हातानं घासते. सगळंच आत जाईल अशा आशेनं घेतलं तर आठ दिवसांत निराशा होते. माझी झाली होती.

लोखंडी तवा आत टाकला, सकाळी गंजलेला निघाला. जर्मनचं पातेलं काळं पडलं. मशीनमध्ये टाकायच्या पावडरीत क्षार तीव्र असतो, तो ॲल्युमिनियमला सोसत नाही. कुकरही त्याच धातूचा होता, आता स्टीलचा घेतला. पितळेची चमक जाते. पोळपाट-लाटणं आणि रवी तर कधीच नाही, लाकूड फुगतं आणि चिरतं. स्टील मात्र लख्ख निघतं. पाटोडीची तर्री, वडाभाताचं तेल, सगळं ६५-७० अंशांच्या पाण्यात सुटतं. पिठलं वाळलं असेल तर आधी भिजवा, वाळलेलं बेसन मशीनलाही दाद देत नाही. वाट्या पालथ्या आणि जरा तिरप्या ठेवायच्या, एकात एक बसली की आतली तशीच खरकटी राहते. तळातली जाळी मी दर दोन-तीन दिवसांनी धुते, तिच्यात भाताची शितं साचतात आणि वास मारतो.

पाण्याचं विचाराल तर एका धुण्याला १०-१२ लिटर. तेवढ्याच भांड्यांना हातानं चार बादल्या लागायच्या, मी मोजून पाहिलंय. वीज एक ते दीड युनिट. महालक्ष्म्यांच्या जेवणाला तीनदा चालवलं आणि पहिल्यांदाच त्या रात्री अकराच्या आत झोपले.

अकोट, अकोला (आजीनं सांगितलं, नातवानं लिहिलं)
म्या पन्नास वर्सं राखीनं भांडे घासले. माघात हाताले भेगा पडत, पान्यात हात घातला की रगत ये. पोट्ट्यानं मशीन आनली तवा म्या म्हटलं, घरात बाया असताना हे काऊन? आता सून शाळेतून येते अन् माह्याजवळ बसते, दोघी बोलतो. पयले थे होत नव्हतं. तांब्याची कळशी अन् पितळंचा गंज मी अजूनई हातानंच घासतो, थे मले आवडते.

नागभीड, चंद्रपूर
आमच्याकडे जमलं नाही. उन्हाळ्यात विजेचा दाब इतका उतरतो की पंखा जेमतेम फिरतो. पाणी तापवायला मशीन दोन हजार वॅटच्या आसपास ओढतं, ते इन्व्हर्टरवर चालत नाही. मध्येच लाइन गेली की भांडी आत ओली पडून. त्यात घराची अर्थिंग नावालाच होती, बायकोला दाराला हात लावताना झिणझिण्या आल्या. त्या दिवशी प्लग काढला. वहिनी, आधी वायरमनकडून अर्थिंग तपासा, खड्डा नवीन करून घ्या आणि १६ अँपिअरची स्वतंत्र लाइन ओढा. दुरुस्तीचा माणूस नागपूरहून यायला सतरा दिवस लागले होते. आम्ही मशीन विकलं आणि मागच्या अंगणात उभ्यानं घासता येईल असा ओटा बांधला, वर सावली, दोन नळ, सांडपाणी थेट केळीला. आईची कंबर त्यानंही वाचली.

उमरखेड, यवतमाळ
उंदरानं मागचा पाइप कुरतडला, रात्रभर पडवीत पाणी. पाइपावर लोखंडी जाळी गुंडाळा.

आर्वी, वर्धा
माझी आई चार घरची भांडी घासते. त्याच पैशावर मी बारावीपर्यंत शिकले. एका घरी मशीन आलं आणि पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हणाले, आधी बोललेसुद्धा नाहीत. आईचे हातही दुखतात, तिलाही उकिडवं बसवत नाही, त्यामुळे मशीन वाईट असं मी म्हणणार नाही. पण घेताना मावशींशी बोला. दुसऱ्या घरी मोठी भांडी, अंगण आणि दळणनिवडण तिच्याकडे ठेवलं, पैसे तेवढेच दिले.

दारव्हा तालुका
ताई, तुमचं वाचून काल मावशींकडे गेले. त्या म्हणाल्या, वेचणीच्या चार महिन्यांत चालवा, बाकी दिवस मी आहेच, जड गंज माझ्याकडे द्या. पैसे कमी करणार नाही, हे सासूबाईंनी स्वतः सांगितलं. वायरमनला गुरुवारी बोलावलंय. आता एकच शंका. टाकी स्लॅबवर आहे, मशीन खालच्या पडवीत ठेवायचं. नळापासून टाकीच्या तळापर्यंत तेरा फूट भरतात. दाब पुरेल?

हिंगणघाट
दहा मीटर उंचीला जवळपास एक बार दाब मिळतो. तुमचे तेरा फूट म्हणजे चार मीटर, ०.४ बार. काही मशीन ०.३ वर चालतात, काहींना ०.५ लागतो. पैसे देण्याआधी पुस्तिकेत तो आकडा बघा. कमी पडला तर टाकीखाली तीन-चार फुटांचा विटांचा ओटा करा, आमच्याकडे तसाच केलाय.