मदत हवी आहे: पोस्टग्रेस (डेटाबेस सॉफ्टवेअर) १४.२ अपडेट करायचं आहे, इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) पुन्हा बांधावे लागतील का?

प्रश्न
एक प्रायमरी (मुख्य सर्व्हर), दोन स्टँडबाय (त्याच्या प्रती), सगळीकडे १४.२. काही इंडेक्स चालू सिस्टिमवरच कॉन्करन्टली (म्हणजे टेबलातलं लिहिणं न थांबवता) बनवलेत. एका टेबलात आयडीने शोधलं तर ओळ सापडत नाही. इंडेक्स स्कॅन आणि बिटमॅप स्कॅन बंद केले की तीच ओळ दिसते. १४ मधलीच पुढची आवृत्ती टाकून भागेल का? डंप-रिस्टोअर (सगळा डेटा बाहेर काढून पुन्हा भरणं) लागेल?

प्रतिसाद १
डंप-रिस्टोअर नको, पण नुसत्या अपडेटनेही भागणार नाही. १४.० ते १४.३ मध्ये कॉन्करन्टली इंडेक्स बनत असताना ज्या ओळी अपडेट झाल्या, त्यांतल्या काही इंडेक्समध्ये यायच्याच राहत. १४.४ ने (जून २०२२) ते थांबवलं. आधी सुटलेल्या ओळी मात्र आपोआप भरल्या जात नाहीत.

तपासणीसाठी पीजी_एमचेक हे पोस्टग्रेससोबतचं साधन, हीपऑलइंडेक्स्ड (टेबलातली प्रत्येक ओळ इंडेक्समध्ये आहे का बघणाऱ्या) पर्यायासह चालवा. 'लॅक्स मॅचिंग इंडेक्स टपल' असं आलं की तो इंडेक्स गेलाच समजा. हे फक्त बी-ट्री या नेहमीच्या इंडेक्स प्रकारापुरतं. जिन, जिस्ट वगैरे दुसऱ्या प्रकारचे कॉन्करन्टली बनवलेले असतील तर न तपासता सरळ रीइंडेक्स करा (पुन्हा बांधा). इंडेक्स कॉन्करन्टली बनला होता की नाही याची कॅटलॉगमध्ये (डेटाबेसच्या स्वतःच्या माहिती-तक्त्यांत) नोंद नसते, तेव्हा मायग्रेशन स्क्रिप्ट (टेबलांच्या रचनेत बदल करणाऱ्या फायली) चाळाव्या लागतील. १३ वरून पीजी_अपग्रेडने (आवृत्ती बदलायच्या साधनाने) आलेले आणि नंतर न छेडलेले इंडेक्स ठीक आहेत.

प्रतिसाद २
१४.१४ वर थांबू नका. नोव्हेंबर २०२४ च्या त्या फेरीत टाइमस्केलडीबीसारखी आधी बिल्ड केलेली एक्स्टेन्शन्स (जोड-सॉफ्टवेअर) अडली, शिवाय रोलवर (डेटाबेसच्या वापरकर्त्यावर) किंवा डेटाबेसवर ठेवलेलं 'सेट रोल' लागू होईना. आठवड्याभरात १४.१५ काढावी लागली. १४ ची सगळ्यात ताजी आवृत्तीच घ्या.

आधी स्टँडबाय, मग प्रायमरी. थांबवण्याआधी हाताने चेकपॉइंट (मेमरीतले बदल डिस्कवर लिहायची आज्ञा) द्या, म्हणजे बंद व्हायला वेळ लागत नाही. पॅकेज टाकताच सर्व्हिस आपोआप रीस्टार्ट होऊ शकते, हे धरूनच वेळ ठरवा. रीइंडेक्स फक्त प्रायमरीवर. स्टँडबायला ते वॉलमधून (डब्ल्यूएएल, म्हणजे बदलांची नोंदवही) पोचतं. वॉल भरपूर तयार होतो. एखादा स्टँडबाय मागे पडला आणि रेप्लिकेशन स्लॉट (स्टँडबाय वाचेपर्यंत वॉल राखून ठेवणारी सोय) असेल, तर प्रायमरीची डिस्क भरते.

प्रश्नकर्ता
अपडेट झालं. पण रीइंडेक्स कॉन्करन्टली एका युनिक इंडेक्सवर (ज्यात एक की एकदाच चालते) डुप्लिकेट की सांगून पडतं.

प्रतिसाद १
अपेक्षितच. इंडेक्समध्ये जुनी ओळ नव्हती, म्हणून तीच की दुसऱ्यांदा घातली गेली. इंडेक्स स्कॅन, इंडेक्स ओन्ली स्कॅन आणि बिटमॅप स्कॅन तिन्ही बंद करून ग्रुप बाय लावा आणि डुप्लिकेट शोधा. कोणती ओळ खरी हे अर्थ बघून ठरवा. सरसकट जुनी उडवू नका, दुसऱ्या टेबलातली फॉरेन की (संदर्भ-दुवा) तिच्याकडे बोट दाखवत असेल. पडलेल्या प्रयत्नातून '_सीसीन्यू' शेपटीचा इनव्हॅलिड इंडेक्स उरतो, तो ड्रॉप करून मग पुन्हा चालवा. नुसतंच अडकून बसलं, तर पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीत (चालू सेशन्सच्या यादीत) 'आयडल इन ट्रान्झॅक्शन', म्हणजे व्यवहार उघडा ठेवून पडून असलेलं सेशन शोधा.