मोबाइल कंपन्यांच्या विलीनीकरणाला होकार देणाऱ्या नियामकांवर विश्वास का ठेवायचा?

बिनतारी
दोन बड्या मोबाइल कंपन्या एक होणार म्हटलं की पुढचं सगळं पाठ असतं. नेटवर्क सुधारणार, ग्राहकांचा फायदा होणार, नियामक चार अटी घालणार आणि शिक्का मारणार. माझा राग शिक्क्यावर नाही. त्या अटींचं पुढे काय झालं हे कोणी विचारत नाही, त्यावर आहे.

अमेरिकेतलं टी-मोबाइल आणि स्प्रिंटचं प्रकरण घ्या. २०१८ मध्ये २६ अब्ज डॉलरचा सौदा जाहीर झाला. चार मोठ्या कंपन्यांच्या तीन होणार, मग स्पर्धेचं काय? न्याय खात्याने तोडगा काढला. डिश या सॅटेलाइट टीव्हीवाल्या कंपनीने स्प्रिंटचा बूस्ट हा प्रीपेड धंदा १.४ अब्ज डॉलरला घ्यायचा आणि चौथी कंपनी म्हणून उभं राहायचं. दूरसंचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, ३ विरुद्ध २ मतांनी होकार दिला आणि एप्रिल २०२० मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये डिशच्या मालक कंपनीने आपला बराचसा स्पेक्ट्रम (मोबाइल सेवेसाठी लागणाऱ्या रेडिओ लहरींचे हक्क) सुमारे २३ अब्ज डॉलरला एटी अँड टी या बड्या मोबाइल कंपनीला विकायचं ठरवलं, आणि पुढच्याच महिन्यात आणखी काही स्पेसएक्सला. म्हणजे ज्या चौथ्या कंपनीच्या भरवशावर मंजुरी मिळाली, तिने दुकानच आवरलं. मंजुरी देणाऱ्यांपैकी जाब कोणी दिला?

मनोऱ्याखाली
शेवट माहीत झाल्यावर सुरुवातीला नावं ठेवणं सोपं असतं. स्प्रिंट कर्जात गळ्यापर्यंत बुडाली होती. सौदा अडवला असता तरी ती टिकली असती याची हमी कोण देणार? न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियाच्या पुढाकाराने राज्यांनी सौदा रोखायला खटला भरलाच होता. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायाधीश मरेरो यांनी दोन्ही बाजू ऐकून कंपन्यांच्या बाजूने निकाल दिला. तिथे तर एफसीसी नव्हती ना?

आणि नियामक कधी 'नाही' म्हणतच नाहीत, असंही नाही. २०११ मध्ये एटी अँड टीला हीच टी-मोबाइल ३९ अब्ज डॉलरला हवी होती. न्याय खातं कोर्टात गेलं आणि डिसेंबरात सौदा बारगळला.

बिनतारी
उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत, आभारी आहे. सौदा मोडल्यावर टी-मोबाइल काही मेली नाही. उलट भरपाई म्हणून तिला ३ अब्ज डॉलर रोख मिळाले, वर स्पेक्ट्रम. २०१३ मध्ये तिने दोन वर्षांच्या कराराची सक्तीच काढून टाकली आणि बाकीच्यांना घाम फोडला. 'नाही' म्हटल्याने ग्राहकांचं भलं झालं, हे डोळ्यांसमोर असताना आठ वर्षांनी नियामकांचा सूर बदलला.

रेंजबाहेर
तुम्ही दोघं हिशेब मांडताय, पण लोकांचा विश्वास उडतो तो वेगळ्याच गोष्टींनी. जानेवारी २०११ मध्ये एफसीसीने कॉमकास्ट या केबल कंपनीला एनबीसी युनिव्हर्सल ही टीव्ही-सिनेमाची कंपनी घेऊ दिली. बाजूने मत देणाऱ्या एक आयुक्त, मेरेडिथ ॲटवेल बेकर, चार महिन्यांत कॉमकास्टच्या नोकरीत दाखल झाल्या. काम काय, तर सरकारदरबारी कंपनीची बाजू मांडणं. कायद्यात बसतही असेल. पण हे वाचल्यावर पुढच्या मंजुरीकडे सामान्य माणूस कोणत्या नजरेने बघणार?

अजून एक. स्प्रिंटचा सौदा जाहीर झाल्यापासून वॉशिंग्टनमधल्या ट्रम्प यांच्या हॉटेलवर १,९५,००० डॉलर खर्च केल्याचं टी-मोबाइलनेच २०१९ मध्ये कळवलं होतं. त्याचा मंजुरीशी संबंध होता असं मी म्हणत नाही. पण अशा वेळी हॉटेल तेच का सापडावं?

मनोऱ्याखाली
हॉटेलचं मान्य, ते शोभणारं नव्हतंच. पण धंद्यातली माणसं नकोत म्हणाल तर स्पेक्ट्रम कळणारी माणसं आणणार कुठून? टॉम व्हीलर केबल आणि मोबाइल, दोन्ही उद्योगांच्या संघटनांचे प्रमुख राहिलेले. ते एफसीसीचे अध्यक्ष झाल्यावर लोकांनी हीच बोंब मारली होती. त्यांनीच २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीचे, म्हणजे इंटरनेट कंपन्यांनी सगळ्या साइट्सना सारखंच वागवावं याचे, कडक नियम आणले, आणि कॉमकास्टचा टाइम वॉर्नर केबल घेण्याचा सौदाही त्यांच्याच कारकिर्दीत फसला.

खुंटी
एक व्हीलर चांगला निघाला, म्हणून दर वेळी नशिबावर सोडायचं?

ब्रिटनचा प्रकार मला जरा बरा वाटतो. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या सीएमएने, म्हणजे स्पर्धा नियामकाने, व्होडाफोन आणि थ्री या मोबाइल कंपन्यांना एक व्हायची परवानगी दिली, ती आठ वर्षांत नेटवर्कवर ११ अब्ज पौंड घालण्याच्या बंधनावर. शिवाय काही ठरावीक प्लॅनच्या दरांवर तीन वर्षं मर्यादा. लक्ष ठेवणार ऑफकॉम हा दूरसंचार नियामक आणि सीएमए. निदान आकडा आहे, मुदत आहे, पकडायचं कोणाला तेही लिहिलेलं आहे.

बिनतारी
तीन वर्षं! टी-मोबाइलनेही दर न वाढवण्याचा शब्द तीन वर्षांचाच दिला होता. मुदत २०२३ मध्ये संपली, २०२४ मध्ये जुन्या प्लॅनचे दर वाढले. शब्द तंतोतंत पाळला, तक्रार करायची सोय नाही. कमी झालेली कंपनी मात्र तीन वर्षांनी परत येत नसते.

माझं मागणं एवढंच आहे. मंजुरी देताना जे जे होईल म्हणून सांगितलं, त्यातलं काय झालं आणि काय नाही, हे पाच वर्षांनी नियामकानेच छापावं. बाहेरच्या कोणी उकरून काढेपर्यंत थांबू नये.

मनोऱ्याखाली
छापा की, माझी ना नाही. फक्त मग अडवलेल्या सौद्यांचाही तसाच हिशेब छापा. परवानगी न मिळाल्याने खंगत गेलेल्या कंपनीचे ग्राहक, तिचं न सुधारलेलं नेटवर्क, तिथली गेलेली कामं, हे कोणत्या रकान्यात लिहिणार ते आधी ठरवा.